शेवाळी रंगाचा शर्ट

रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. गिरगावातलं बिऱ्हाड हलवून आम्ही मीरा रोडला आलो, तेव्हापासून मी घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. बायका साडी टाकून जाताना सांगतात, ‘हिरवा फॉल लावा.’ हिरवा म्हणजे कुठला? पोपटी, मेंदी, बाटली हिरवा, शेवाळी? मॅचिंग सेंटरचा दुकानदार वैतागून म्हणतो, ‘आंटी, सब सेम है, साडी के अंदर किसको दिखेगा?’ मी म्हणते, मुझे दिखेगा. माझी ही खोड घरात चेष्टेचा विषय होती. या खोडीपायी कधी तोंडचं पाणी पळेल असं कुणी सांगितलं असतं, तर मीही हसले असते.

आमची सोसायटी चार माळ्यांची. आम्ही पहिल्या माळ्यावर, आणि हॉलच्या खिडकीखाली बरोब्बर गेट. उजेड चांगला म्हणून माझं मशीन त्या खिडकीला लागून ठेवलं होतं. दिवसभर मशीन चालवायचं आणि कोण आलं, कोण गेलं ते बघायचं, हा माझा उद्योग. आमचे हे म्हणायचे, ‘सोसायटीला कॅमेरे बसवायची गरजच नाही.’ गेटवर वॉचमनकाका असायचे. रत्नागिरीकडचे, अंगाने किरकोळ, पण कमिटीने सांगितलेलं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानणारे.

तेव्हा आमच्याकडे पाण्याचे फार हाल होते आणि टँकरवर सगळं चालायचं. ज्या माणसाचे टँकर यायचे त्याच्याशी कमिटीचं बिनसलं. दुसरा टँकरवाला ठरला आणि काकांना सांगण्यात आलं, आता त्याची गाडी आत घ्यायची नाही. त्यांनी नाही घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टँकरवाला स्वतः आला, बरोबर दोन पोरं. काकांना केबिनमधून ओढून बाहेर काढलं. मी मशीनवर होते, पायाखाली पेडल होतं. त्याच्या हातात लोखंडी पाइप होता. तो काकांना म्हणाला, ‘ह्या हाताने गेट उघडत नाय ना? मग हात पायजे कशाला?’ आणि त्याने उजव्या हातावर पाइप मारला. एकदा मारून थांबला नाही.

काकांचं ओरडणं मला नीट आठवत नाही. आठवतात ते खिडक्यांचे आवाज. आमच्या वर, बाजूला, समोरच्या विंगमध्ये स्लायडिंगच्या काचा सर्र सर्र सरकत गेल्या. माझी तेवढी उघडी राहिली. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, मला उठताच येईना.

संध्याकाळी पोलीस आले. हवालदार घराघरांत विचारत होता आणि सगळे सांगत होते, आम्ही झोपलो होतो, आम्ही बाहेर होतो, आमचा टीव्ही चालू होता. आमच्या दारात आल्यावर त्याने मला सरळ विचारलं, ‘मॅडम, तुम्ही काय पाहिलं का?’ ह्यांनी मागून माझ्या पदराला हिसका दिला. पण तोवर मी ‘हो’ म्हणून बसले होते. मग जबाब लिहायला चौकीत जावं लागलं. मारणाऱ्याच्या अंगात काय होतं, असं विचारल्यावर मी म्हटलं, शेवाळी रंगाचा शर्ट.

‘हिरवा लिहितो,’ हवालदार म्हणाला.

‘हिरवा नाही हो, शेवाळी.’

‘मॅडम, हिरवा म्हणजे हिरवाच.’

‘मग उद्या कुणी पोपटी समजेल. तुम्ही शेवाळीच लिहा.’

टेबलाखाली ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. हवालदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेवाळी लिहिलं.

त्या रात्रीपासून भीती आमच्या घरात राहायला आली ती आलीच. मशीन आतल्या खोलीत गेलं. हॉलच्या खिडकीला जाड पडदा लागला. आम्ही असं धरून चाललो होतो की कुणी साक्ष दिली हे त्याला ठाऊक नाही, आणि आपण तोंड बंद ठेवलं तर कधी कळणारही नाही. सोसायटीत आम्ही अवाक्षर काढलं नाही. हळदीकुंकवाला कुणी तो विषय काढला की मी तिळगुळाची वाटी पुढे करायचे. दाराची बेल वाजली की मी कडीला हात लावून थांबायचे. समन्स असेल का? की त्याची पोरं? बहुतेक वेळा साडी घेऊन आलेली एखादी बाई असायची, आणि मी दार उघडायला एवढा वेळ का लावते हे तिला कळायचं नाही.

काकांचा हात वाकडाच बसला. नोकरी सुटली. ते जवळच्या हाटकेश भागात एका कारखान्याच्या गाळ्याच्या दारावर बसायला लागले आणि त्यांची बायको तिथेच जवळ पॅकिंगच्या कामाला लागली. आमच्या मागच्या गल्लीतल्या चाळीत त्यांची खोली. रस्त्यात भेटली की ती केसबद्दल कधी बोलायची नाही. एकदाच काय ती, चौकीत ऐकून आलेली, म्हणाली, ‘वैनी, आमच्या बाजूनं तुम्ही एकट्याच हाव. बाकी कोन न्हाय.’ मी ‘हो हो’ म्हणत भाजीवाल्याकडे वळले. खरं सांगते, तिच्या या वाक्याचीसुद्धा मला भीती वाटली.

वर्षामागून वर्षं गेली, समन्स काही आलं नाही. केस कुठल्या कपाटात पडली होती देव जाणे. तो माणूस मात्र वाढत गेला. टँकरचे जेसीबी झाले, जेसीबीच्या बिल्डिंगा झाल्या. मग नाक्यानाक्यावर त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागायला लागले आणि नावाच्या खाली ‘समाजसेवक’ आलं. लोक त्याला भाऊ म्हणायला लागले. पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले. मी फ्लेक्सखालून जाताना मान खाली घालायचे, जणू छापलेले डोळे मला ओळखणार होते.

मग महापालिकेची निवडणूक आली आणि आमच्या प्रभागातून भाऊ उभे राहिले.

आमची मुलगी आता कॉलेजात आहे. तिचं पहिलंच मतदान, त्यामुळे उत्साह उतू चाललेला. एका संध्याकाळी जेवताना तिने मोबाइल पुढे धरला. ‘आई, सगळ्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं ऑनलाइन आहेत. शिक्षण काय, केसेस किती, प्रॉपर्टी काय, सगळं आहे. आपण कुणाला मत देतोय ते बघूया तरी!’

सुरुवातीला मजा आली. एक उमेदवार नववीपर्यंत शिकलेला, पण पत्रकात स्वतःला ‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हणवून घेणारा. एकाकडे स्वतःची गाडी नाही, आणि आम्ही त्याला रोज भल्यामोठ्या गाडीतून उतरताना बघतो. हे म्हणाले, ‘बिचारा लिफ्ट मागून फिरत असेल.’ एका बाईंनी व्यवसायाच्या जागी ‘गृहिणी’ लिहिलं होतं आणि त्यांच्या नावावर तीन ठिकाणी गाळे. मी म्हटलं, ‘मीपण गृहिणीच आहे, माझे गाळे कुठे गेले?’ आम्ही तिघं खूप हसलो.

मग मुलीने भाऊंचं पान उघडलं. प्रलंबित गुन्हे, एक. त्यापुढे कलमांचे आकडे, आमच्याच हद्दीतलं पोलीस ठाणं, आणि ‘आरोपपत्र दाखल’ असे दोन शब्द.

ती म्हणाली, ‘आई, हीच ना ती? काकांची?’

मी उठून आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली. ‘हळू बोल,’ मी म्हटलं.

‘अगं, हे त्याने स्वतः लिहून दिलंय. सगळ्या जगाला वाचता येतं. आपण कशाला हळू बोलायचं?’

मी तिला पोळी वाढली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सेक्रेटरी वर आले. आमचे सेक्रेटरी गुजराती, पण मराठी बिनधास्त बोलतात. सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, ‘भाभी, रविवारी भाऊंची प्रचारफेरी आपल्या सोसायटीत येणार. गेटवर त्यांना ओवाळायचं आहे. तुम्ही तबक तयार ठेवा हां.’

निवडणुकीत ही आमच्याकडची रीतच आहे. उमेदवार फेरीवर निघाला की बिल्डिंगी-बिल्डिंगीतून बायका त्याचं औक्षण करतात. मनात कुणीही असो, दारात आलेल्याला ओवाळायचं. मी स्वतः मागे तीन पक्षांच्या तिघांना एकाच आठवड्यात ओवाळलं होतं, निरांजनही तेच. पण यावेळी मी टाळायला बघितलं.

‘मी कशाला? वरच्या माळ्यावरच्या ताई आहेत, त्यांना हौस आहे.’

‘नाही नाही. भाऊंनी स्वतः बोलून ठेवलंय. पहिला माळा, शिलाईवाली काकू. अरे, इज्जत आहे तुमची!’

सेक्रेटरी खुशीत निघून गेले. भाऊंनी मलाच का निवडावं? ह्यांनी खूप विचार केला. बँकेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे विचार करताना ते बोटं मोडतात. शेवटी म्हणाले, ‘हे बघ, योगायोग असेल. पण तू नाही म्हणालीस, तर का नाही म्हणाली ते शोधायला लागतील. ओवाळलंस तर संशयच संपला. जी बाई ओवाळते ती विरोधात साक्ष देईल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.’

मला हे पटलं. भ्यालेल्या माणसाला काय पटेल याचा नेम नाही.

मुलगी मात्र संतापली. ‘आई, तू साक्षीदार आहेस. त्याला ओवाळणार तू?’

‘तू रोज शेअर रिक्षाने स्टेशनला जातेस,’ मी म्हटलं. ‘संध्याकाळी अंधार पडल्यावर परत येतेस. आणि त्याची पोरं नाक्यावर उभी असतात.’

तिला मी हे कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, आज आपण आपली भीती हिच्या ताटात वाढली.

रविवारी सकाळपासून ढोल-ताशाचा आवाज गल्लीगल्लीतून जवळ येत होता. मी तबक मांडलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, माझी लग्नातली अंगठी, आणि संक्रांतीचे दिवस म्हणून थोडा तिळगूळ. वात दोनदा विझली. ह्यांनी तिसऱ्यांदा लावली. खाली गेटपाशी बायका नटूनथटून उभ्या होत्या. मी ज्या जागी उभी राहिले ती बरोबर तीच जागा, जिथे काकांना केबिनमधून ओढून आणलं होतं. आता तिथे नवे पेव्हर ब्लॉक आहेत, भाऊंनीच बसवून दिलेले.

फटाक्यांची माळ लागली, धूर झाला, आणि धुरातून भाऊ आले. जवळून बघितलं तर उतरत्या वयाचा, गोरा, गालावर हसू. मी उंचीला कमी, म्हणून तो गुडघ्यात वाकला आणि कपाळ पुढे केलं. मागे एक पोरगा मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. मी कुंकवाचं बोट टेकवलं. त्याचं कपाळ घामाने ओलं होतं, कुंकू पसरलं. मी अक्षता लावल्या. अंगठी आणि सुपारी ओवाळली. मग तबक उचललं आणि निरांजन फिरवायला लागले.

ढोल इतका जोरात होता की बाजूच्या बाईलाही काही ऐकू आलं नसेल. तो तसाच वाकलेला, हात जोडलेले, हसू जराही न हलवता मला म्हणाला, ‘काकू, तुमचा जबाब वाचलाय मी. चांगला लिहिलाय. आम्ही घरी त्या शर्टाला हिरवाच बोलायचो. शेवाळी. तुमचंच बरोबर आहे.’

माझा हात फिरत राहिला. का फिरत राहिला ते मला आजही सांगता येत नाही. शिकवल्यासारखा गोल गोल फिरत होता. तो सरळ उभा राहिला. बायकांकडे बघून मोठ्याने म्हणाला, ‘आचारसंहिता आहे, तबकात काही टाकता येत नाही हो!’ बायका हसल्या. मग माझ्याकडे वळून तितक्याच प्रेमाने म्हणाला, ‘तुमची ओवाळणी राहिली, काकू. निवडणूक झाल्यावर देतो.’

पुन्हा सगळे हसले. फेरी पुढच्या बिल्डिंगकडे निघाली.

मी जिना कसा चढले माहीत नाही. वर येऊन ह्यांना सांगितलं, ‘त्याला माहीत आहे. रंगसुद्धा माहीत आहे.’ मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई वकील, मुलीने लगेच त्यांना फोन लावला. उत्तर ऐकून घेतलं आणि फोन ठेवून आमच्यासमोर बसली. म्हणाली, ‘आरोपपत्र दाखल झालं की आरोपीला सगळ्या साक्षीदारांच्या जबाबाची कॉपी देतातच. कायदाच आहे तसा. त्याच्याकडे तुझा जबाब पहिल्यापासून आहे, आई.’

पहिल्यापासून! म्हणजे पडदा लावला तेव्हाही. मशीन आत हलवलं, अंधाऱ्या खोलीत डोळे फोडले, हळदीकुंकवात विषय बदलले, भाजीवाल्याकडे वळले, तेव्हाही. ज्याच्यापासून लपत होतो त्याच्याच घरात आमचं नाव, पत्ता आणि माळा लिहिलेला कागद पडून होता. ह्यांना एकदम हसू फुटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग ते थांबले आणि मला म्हणाले, ‘आपण किती मूर्ख आहोत गं.’ त्यांचा आवाज रडका झाला होता.

पण भीती काही कमी झाली नाही. आधी वाटायचं, कळलं तर काय करेल? आता कळलं होतं की त्याला माहीत आहे आणि तो थांबलाय. साक्ष व्हायची आहे म्हणून थांबलाय. थांबलेल्या माणसाची भीती जास्त असते.

त्याने काय मिळवलं ते दुसऱ्या दिवशी दिसलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा फ्लेक्स लागला होता. वर लिहिलेलं, ‘माता-भगिनींचे आशीर्वाद’. आणि खाली मी. हातात तबक, निरांजनाची ज्योत, समोर वाकलेले भाऊ. फोटो इतका छान आलेला की माझा थरकाप कुठे दिसतच नव्हता. उद्या कोर्टात त्याच्या वकिलाने हा फोटो माझ्यापुढे धरून ‘या तुम्हीच ना?’ म्हणून विचारलं, तर मी काय सांगणार होते?

त्या संध्याकाळी पडद्याच्या फटीतून मी काकांच्या बायकोला बघितलं. कामावरून परतताना ती फ्लेक्सखाली थांबली होती. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, पण चेहरा वाचायला शिकावं लागत नाही. बराच वेळ वर बघून ती निघून गेली. मला वाटलं, खाली धावत जावं, तिला हाक मारावी, सांगावं की अगं, मी घाबरले होते. मी पडद्यामागेच उभी राहिले.

मतदानाच्या दिवशी हे सकाळी लवकर जाऊन आले. मी आणि मुलगी नंतर निघालो. केंद्र जवळच्या शाळेत. गेटच्या बाहेर उमेदवारांच्या पार्श्वभूमीचा मोठा बोर्ड लावला होता. कोण किती शिकलेला, कुणावर किती गुन्हे, कुणाची मालमत्ता किती. मोबाइलवर पाहिलेलंच सगळं, आता हातभर अक्षरांत. लोक त्याच्या शेजारून रांगेत सरकत होते. कुणी वाचत नव्हतं. रस्त्यापलीकडे भाऊंच्या पोरांचं टेबल होतं.

बोर्डासमोर काकांची बायको उभी होती. ठेवणीतली चांगली साडी नेसून आलेली, केसांत गजरा. मला बघितलं आणि जवळ आली. मी मनात म्हटलं, आता फ्लेक्सचं काढणार. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

ती म्हणाली, ‘वैनी, मला वाचता येत नाय. त्याच्या नावासमोर काय लिवलंय, सांगा ना जरा.’

मी बोर्डाकडे वळले. ‘शिक्षण, बारावी. व्यवसाय, व्यापार आणि समाजसेवा.’

‘ते नको. गुन्ह्याचं वाचा.’

‘प्रलंबित गुन्हे, एक.’

‘म्हंजे आमचाच तो?’

‘हो. तुमचाच.’

‘ह्यांचं नाव हाय त्यात?’

मी पुन्हा बघितलं. बघायची गरज नव्हती. ‘नाही. फक्त कलमं आहेत. आकडे.’

‘हाताचं काय लिवलंय?’

‘नाही लिहिलेलं.’

मग ती बोर्डालाच विचारल्यासारखं म्हणाली, ‘मग लोकांना कळायचं कसं?’

आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईने मान पुढे काढली. ‘कसला गुन्हा आहे हो?’ आणखी दोघी वळल्या. गेटवरचा पोलीस म्हणाला, ‘ओ मॅडम, चला पुढे, गर्दी करू नका.’ टेबलाकडची पोरं उभी राहून इकडे बघायला लागली. माझी मुलगी माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिची बोटं मला रुतत होती. मी देवाचं नाव घेतलं नाही, धीर वगैरे काही आला नाही. मला फक्त त्या स्लायडिंगच्या काचांचे आवाज ऐकू येत होते, सर्र, सर्र, एकामागून एक. आणि मला ते आणखी एकदा ऐकवेनात.

‘आमच्या वॉचमनला मारल्याचा,’ मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्या बाईने ‘काय?’ म्हणून विचारलं. मग मी मोठ्याने म्हटलं, ‘लोखंडी पाइपाने वॉचमनचा हात मोडला. उजवा हात. या बाईंचे मालक ते. मी खिडकीतून पाहिलं. मी साक्षीदार आहे त्यातली.’

‘मॅडम! इथे असं बोलायचं नसतं,’ पोलीस पुढे आला.

‘बरं,’ मी म्हटलं. ते नियमात बसत होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. बोलून तर झालं होतं.

टेबलापाशी एकाने मोबाइल वर केला आणि आमच्याकडे धरला. मुलगी म्हणाली, ‘आई, चल आत.’ मला हलताच येईना. तेव्हा काकांची बायको माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिने डोक्यावर पदर घेतला, नीट केला आणि त्या मोबाइलकडे तोंड केलं. फोटो निघाला.

भाऊ निवडून आले. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. मी त्याआधीच मशीन पुन्हा हॉलच्या खिडकीत आणलं होतं आणि पडदा काढून धुवायला टाकला होता. भाऊ उघड्या जीपमध्ये होते, गुलालाने लाल झालेले. गेटसमोर जीप थांबली. त्यांनी वर बघितलं, मला बघितलं, हसले आणि हात जोडले.

मी जोडले नाहीत. माझ्याकडून एवढंच झालं. मग उठले, दाराला आतून कडी घातली, आणि तिथेच जमिनीवर बसले. ह्यांनी पाणी आणून दिलं. आता बेल वाजली की मनात येतं, ओवाळणी आली. मुलगी घरी येईपर्यंत माझं एकही काम धड होत नाही.

समन्स अजून आलेलं नाही. येईल तेव्हा मी जाणार आहे. तो फोटो दाखवला तर म्हणणार आहे, हो, मीच ती, आणि मी घाबरले होते. आणि तिथे कुणी शर्ट हिरवा म्हटला, तर त्यांना थांबवून सांगणार आहे.